बर्फाचं वय

सकाळी पहिला चहा गॅसवर ठेवला की उकळी येईपर्यंत मी मोबाइलवर आर्क्टिकचा आलेख उघडते. बारा-तेरा वर्षांचा नेम आहे. कुणी राशिभविष्य बघतं, कुणी शेअरचे भाव. मी उत्तर ध्रुवाभोवतीच्या समुद्रावर काल किती बर्फ होता ते बघते. नवरा बिस्किटाचा डबा उघडत विचारतो, "काय म्हणतोय बाजार?" एप्रिलपासून सप्टेंबरपर्यंत माझं उत्तर असतं, "पडतोय." ऑक्टोबरपासून, "चढतोय." यात नवल काही नाही. उन्हाळ्यात बर्फ कमी व्हायचा, हिवाळ्यात वाढायचा. पण आलेखात एक जाड करडी रेघ असते, 1981 ते 2010 या तीस वर्षांच्या सरासरीची, आणि चालू वर्षाची रेघ त्या करड्या रेघेच्या खालून चालते. उंबऱ्याबाहेर काढलेल्या माणसासारखी. तिला वर चढून करड्या रेघेला शिवताना मी बघितलेलं नाही.

या नोंदीशी माझं एक खासगी नातं आहे. निंबस-7 नावाचा उपग्रह ऑक्टोबर 1978 मध्ये सोडला गेला आणि मी नोव्हेंबरमध्ये जन्मले. त्याच्यावरचं उपकरण पृष्ठभागातून निघणाऱ्या सूक्ष्मलहरी मोजायचं. त्यामुळे ढग असोत की सहा महिन्यांची रात्र, खाली पाणी आहे की बर्फ हे त्याला कळायचं. त्याआधीची माहिती म्हणजे व्हेलच्या शिकाऱ्यांच्या नोंदवह्या, गलबतांचे अहवाल, विमानातून टिपलेली निरीक्षणं. अख्ख्या समुद्राची सलग, न चुकता ठेवलेली मोजणी सुरू झाली ती माझ्या पाळण्याच्या दिवसांत. आम्ही एका वयाचे. मी जाड होत गेले, बर्फ बारीक.

किती बारीक? मी शाळेत जात होते तेव्हा, म्हणजे 1980 च्या दशकात, सप्टेंबरच्या नीचांकालाही तिथे 70 लाख चौरस किलोमीटरच्या आसपास बर्फ शिल्लक राहायचा. सप्टेंबर 2012 मध्ये उरला 34 लाख. आपल्या देशाचं क्षेत्रफळ 33 लाखांच्या जवळ आहे. म्हणजे दोन भारत मावतील एवढा होता, त्यातला एक राहिला. मी आलेख बघायला लागले ती त्या सप्टेंबरपासूनच.

हे मी बाबांना सांगितलं तेव्हा त्यांनी चष्मा कपाळावर सारून विचारलं, "आणि हिवाळ्यात?"

"हिवाळ्यात गोठतो परत."

"मग गेलं काय?"

बाबा आयुष्यभर हिशेबनीस होते. आवक-जावक जुळली की त्यांच्या लेखी विषय संपतो. आणि खरंच, मार्चमध्ये तिथे दीड कोटी चौरस किलोमीटरच्या जवळपास बर्फ असतो. तोही घटतोय, मार्च 2025 मध्ये 1 कोटी 43 लाखांवरच थांबला, हिवाळ्यातला तो तोवरचा सर्वांत कमी आकडा. तरी एवढा समुद्र दरवर्षी नव्याने गोठतो हे खोटं नाही. वर बाबांनी माझ्याच फोनवर तो आलेख नीट बघून दुसरी खोच काढली. 2012 चा नीचांक त्यानंतर मोडलेला नाही. "म्हणजे थांबलंय म्हणायचं." मी म्हटलं, बाबा, 2007 पासूनची एकोणीस वर्षं घ्या, उपग्रहाच्या नोंदीतले सर्वांत कमी एकोणीस सप्टेंबर याच वर्षांतले आहेत. विक्रम मोडत नाही म्हणजे तब्येत सुधारली असं नव्हे. ते "हं" म्हणाले. पण त्यांचा पहिला प्रश्न माझ्या डोक्यात राहिला. दरवर्षी परत येतो, मग गेलं काय?

त्याचं उत्तर मला पॉट आईस्क्रीमच्या आठवणीत सापडलं म्हटलं तर लोक हसतील. पण तसंच झालं.

आमच्या लहानपणी मे महिन्यात वाड्यात एकदा तरी पॉट फिरायचं. लाकडी बादली, तिच्या मधोमध पत्र्याचा डबा, वर दांडा. बर्फाच्या कारखान्यातून गोणपाटात गुंडाळलेली अर्धी लादी सायकलच्या कॅरिअरला बांधून काका आणायचे. मोरीत ठेवून ती मुसळीने फोडायची. मग डब्याभोवती एक थर बर्फ, एक थर खडेमीठ, परत बर्फ. मीठ घातलं की बर्फ पटापट वितळायचा आणि तरी बादली इतकी गार व्हायची की हात लावला तर बोटं बधिर. बादलीच्या भोकातून खारं पाणी मोरीत वाहत राहायचं. मिठाने बर्फ वितळतो आणि तरी थंडी वाढते, हे कोडं मला तेव्हा कुणी सोडवून दिलं नाही. सगळे दांडा फिरवण्यात आणि "आता माझी पाळी" म्हणून भांडण्यात गुंतलेले.

कोडं असं सुटतं की मीठ आणि बर्फ यांचं एकमेकांशी पटत नाही. पाण्याचे कण बर्फ व्हायला एका ठरावीक रचनेत उभे राहतात आणि त्या रांगेत मिठाला जागा नसते. म्हणून खारं पाणी शून्याला गोठत नाही, आणि मिठाने वितळणारा बर्फ त्यासाठी लागणारी ऊब डब्यातून ओढून घेत शून्याच्याही खाली जातो. समुद्र गोठायला उणे 1.8 अंश लागतात. आणि गोठताना तो मीठ बाहेर ढकलतो.

गेल्या मे महिन्यात दहा वर्षांची भाची राहायला आली होती. तिला म्हटलं, चल, समुद्र गोठवू. एक लिटर पाण्यात पस्तीस ग्रॅम मीठ, साधारण दोन मोठे चमचे, एवढं घातलं की चवीपुरता समुद्र तयार. स्टीलच्या एका डब्यात तो, दुसऱ्यात नळाचं पाणी. दोन्ही रात्रभर फ्रीजरमध्ये. सकाळी साध्या पाण्याचा बर्फ काचेसारखा कडक, चमचा मारला तर टणक आवाज. समुद्राचा बर्फ दुधी, चमचा मारला की भसकन आत जाणारा, ओल्या साखरेसारखा. त्याच्या अंगात बारीक बारीक नळ्या होत्या आणि त्या नळ्यांत न गोठलेलं, जहाल खारट पाणी. भाचीने जीभ लावून तोंड वाकडं केलं.

मग तो गोळा आम्ही पिठाच्या चाळणीत ठेवला, खाली कुंडा. पहिले थेंब पडले ते वाटीत धरून चाखले, लोणच्याच्या खारासारखे. पंधरा-वीस मिनिटं तसंच गळू दिलं आणि चाळण-कुंड्यासकट सगळं परत फ्रीजरमध्ये. दुसऱ्या दिवशी पुन्हा थोडा वेळ बाहेर, पुन्हा आत. आठवडाभर हा खेळ चालला. प्रत्येक वेळी खार खाली जाई आणि वरचा गोळा लहान, कडक आणि गोड होत जाई. आठव्या दिवशी तिने एक तुकडा तोंडात टाकला आणि म्हणाली, "आत्या, हा तर खारट नाहीच!" मग चिकटपट्टीवर स्केचपेनने तारीख लिहून ती कुंड्याला लावली: 14 मे, समुद्र गोठवला.

आर्क्टिकमध्ये हेच होतं, फक्त आठ दिवसांऐवजी काही वर्षं लागतात. शरद ऋतूत पाण्यावर आधी सुयांसारखे स्फटिक येतात, पाणी तेल सांडल्यासारखं मंद दिसायला लागतं. वारा नसेल तर पातळ, काळसर, लवचीक पत्रा धरतो, लाटेबरोबर वाकणारा. वारा असेल तर तुकडे एकमेकांवर आपटून गोल होतात आणि त्यांचे काठ वर येतात. दर्यावर्दींनी त्यांना पॅनकेक म्हटलं. आपण पराती म्हटल्या असत्या. मग त्या पराती एकमेकींना जुळतात, लादी होते, हिवाळाभर खालून जाड होत जाते. असा एका हिवाळ्याचा बर्फ दीड-दोन मीटर जाड, पण खारट आणि ठिसूळ. उन्हाळ्यात वरचं हिमाचं पाणी त्याच्या नळ्यांतून खाली झिरपतं आणि मीठ धुऊन नेतं. तो उन्हाळा निभावला तर लादी दुसऱ्या हिवाळ्यात आणखी जाड, आणखी टणक होते. दुसरा, तिसरा, चौथा उन्हाळा निभावला तर निळसर, दगडासारखी. तिचा तुकडा वितळवून चहा करता येतो. ध्रुवावर गेलेल्या जुन्या माणसांना ही पारख असायची, कुठला बर्फ किटलीत टाकायचा आणि कुठला नाही.

तर बाबांच्या प्रश्नाचं उत्तर हे. क्षेत्रफळ दरवर्षी बरंचसं भरून येतं, वय भरून येत नाही. चार वर्षांचा बर्फ तयार व्हायला चार वर्षं लागतात, त्यात सवलत नाही. 1980 च्या दशकाच्या मध्यात आर्क्टिकच्या हिवाळी बर्फात जवळजवळ एक तृतीयांश हिस्सा चार वर्षांपेक्षा जुन्या बर्फाचा होता. आता तो शंभरात पाचही भरत नाही. जाडीचा हिशेब पाणबुड्यांमुळे मिळाला. शीतयुद्धात अमेरिकन पाणबुड्या बर्फाखालून फिरत आणि वरची जाडी सोनारने मोजत, लपायला आणि वर यायला जागा हवी म्हणून. ती गुपितं पुढे शास्त्रज्ञांच्या हाती आली. पाणबुड्या जिथे फिरल्या त्या भागात 1980 च्या हिवाळ्यात सरासरी जाडी साडेतीन मीटरहून जास्त होती. 2008 पर्यंत, उपग्रहाच्या मोजणीनुसार, ती दोन मीटरच्याही खाली आली होती.

जुना बर्फ काय चीज होती ते कळायला फ्रामची गोष्ट वाचावी. मला ती इतकी आवडते की विषय निघाला की थांबवणं अवघड, घरचे उठून जातात. 1881 मध्ये जनेट नावाचं अमेरिकन जहाज सैबेरियाच्या उत्तरेला बर्फात चिरडून बुडालं. तीन वर्षांनी त्याच्या काही वस्तू, त्यात एक मेणकापडी विजार, थेट ग्रीनलंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर सापडल्या. सगळ्यांनी हळहळ व्यक्त केली. फ्रिट्यॉफ नान्सेन या तरुण नॉर्वेजियनाने मात्र विचार केला की विजार एवढा प्रवास करू शकते तर मी का नाही? बर्फ सरकतोय, सैबेरियाकडून ध्रुवावरून ग्रीनलंडकडे. मग मुद्दाम जहाज त्यात अडकवून घ्यायचं आणि बर्फालाच आपल्याला ओढून न्यायला लावायचं. त्या काळच्या मोठमोठ्या ध्रुववीरांनी त्याला वेड्यात काढलं.

कॉलिन आर्चरने त्याला जहाज बांधून दिलं ते गोल बुडाचं. लिंबाची बी चिमटीत दाबली की सुटते तसं, बर्फाने दोन्हीकडून आवळलं की वर उचललं जाणारं. फ्राम म्हणजे पुढे. सप्टेंबर 1893 मध्ये तेरा माणसं घेऊन ते बर्फात अडकलं, ठरल्याप्रमाणे. रात्रीच्या रात्री बर्फ करकरत, गडगडत, लाद्यांवर लाद्या चढवत जहाजाला आवळत राहिला आणि फ्राम वर उचललं जात राहिलं. डेकवर पवनचक्की होती, तिच्यावर विजेचे दिवे चालत. दीड वर्ष झालं तरी ध्रुव जवळ येईना, तेव्हा नान्सेन एका सोबत्याला आणि कुत्र्यांना घेऊन पायी निघाला. 86 अंश 14 मिनिटांपर्यंत पोचला. तोवर त्याच्या लक्षात आलं होतं की आपण उत्तरेकडे चालतोय आणि पायाखालचा बर्फ दक्षिणेकडे सरकतोय. ते दोघं दगडांच्या आणि वॉलरसच्या कातड्याच्या खोपटात एक अख्खा हिवाळा काढून परत आले. आणि जहाज, ज्याची त्यांनी साथ सोडली होती, ऑगस्ट 1896 मध्ये नॉर्वेच्या उत्तरेकडच्या स्वालबार्ड बेटांजवळ अलगद मोकळ्या पाण्यात उतरलं. जवळजवळ तीन वर्षं.

2006 च्या सप्टेंबरात तारा नावाची फ्रेंच शिडाची नौका तशीच मुद्दाम अडकवून घेतली गेली. ती सोळा महिन्यांत पलीकडे निघाली. ऑक्टोबर 2019 मध्ये पोलारस्टर्न हे जर्मन संशोधन जहाज लादीला बांधून घेण्यासाठी गेलं, तेव्हा मनासारखी जाड लादीच मिळेना. शोधून शोधून एक सापडली, तिचाही मधला भागच काय तो भक्कम. दहा महिन्यांत ती ग्रीनलंड आणि स्वालबार्डमधल्या फ्राम सामुद्रधुनीत येऊन फुटली. तिघांच्या सुरुवातीच्या जागा वेगळ्या होत्या, त्यामुळे अगदी सरळ तुलना करू नये. पण पातळ बर्फ वाऱ्याबरोबर लवकर पळतो आणि लवकर मोडतो, हे शास्त्रज्ञ इतर मोजमापांवरूनही सांगतात. नान्सेनला आज जहाजाला गोल बूड लागलं नसतं असं मला कधीकधी वाटतं. आवळणारंच कुणी उरलेलं नाही.

इथे एक गैरसमज पटकन बाजूला करते, कारण तो मला दर महिन्याला कुणीतरी ऐकवतं. समुद्रावरचा बर्फ वितळला म्हणून मुंबई बुडत नाही. सरबताच्या ग्लासातला बर्फ विरघळला म्हणून ग्लास सांडत नाही, तसंच. पाणी चढतं ते ग्रीनलंड-अंटार्क्टिकाच्या जमिनीवरचा बर्फ आणि डोंगरांवरच्या हिमनद्या वितळून, आणि समुद्र तापून फुगल्यामुळे. तरंगत्या बर्फाचं काम वेगळं. हिमाने झाकलेला बर्फ उन्हातला ऐंशी टक्क्यांहून जास्त प्रकाश परत पाठवतो. उघडा समुद्र नव्वद टक्क्यांहून जास्त पिऊन टाकतो. म्हणजे बर्फ कमी झाला की ऊन जास्त मुरतं, ऊन मुरलं की बर्फ आणखी कमी होतो. आर्क्टिक 1979 पासून जगाच्या सरासरीच्या जवळपास चौपट वेगाने तापला, त्यामागे हे एक मोठं कारण आहे.

माझं पोटापाण्याचं काम आकडे तपासण्याचं आहे. हजारो नोंदींतून वेडावाकडा आकडा दिसला की आमचा प्रोग्राम तो बाजूला काढतो: टायपिंगची चूक असेल, यंत्र बिघडलं असेल. म्हणून उत्कियागविकची हकीकत वाचली त्या दिवशी ऑफिसात माझं लक्ष लागलं नाही. उत्कियागविक हे अलास्काचं उत्तर टोक, जुनं नाव बॅरो. डिसेंबर 2017 मध्ये अमेरिकन हवामान शास्त्रज्ञ महिन्याचा अहवाल करायला बसले, तर त्या गावाचे आकडे गायब. नोव्हेंबरचेच नाही, वर्षभराचे. शोधल्यावर कळलं की संगणकानेच ते काढून टाकले होते. तापमान इतक्या झपाट्याने चढलं होतं की चुका पकडणाऱ्या प्रोग्रामने ठरवलं, हे खरं असूच शकत नाही, कुणीतरी तापमापक हलवला असणार. तापमापक जागेवरच होता. किनाऱ्यालगतचा शरदातला बर्फ येईनासा झाला होता, आणि उघड्या पाण्याची ऊब गावावर येत होती. मी तसले प्रोग्राम लिहिते. मीही तेच लिहिलं असतं.

त्या गावातले इन्युपिआट लोक वसंतात व्हेलची शिकार करतात, किनाऱ्याला घट्ट धरून असलेल्या बर्फावर मुक्काम टाकून. एकावर एक चढलेल्या लाद्यांच्या रांगांतून ते कुदळी-पहारींनी वाट खोदतात, मैलोन् मैल, उघड्या पाण्याच्या कडेपर्यंत. कातड्याच्या होड्या घेऊन जातात. व्हेल मिळाली की सगळं गाव दोराला लागतं आणि काही टनांचं ते धूड ओढून बर्फावर घेतं. आता इथे बर्फाची जाडी म्हणजे नुसता आकडा राहत नाही. पातळ बर्फ ते वजन पेलत नाही. कडा मोडते, दोर पाण्यात जातो. कुठला बर्फ भरवशाचा हे ओळखणारे म्हातारे तिथे आहेत. त्यांनी आयुष्यभर जो वाचला तो जुना बर्फच त्यांच्यापुढे येईनासा झालाय.

काही वर्षांपूर्वी मार्चमध्ये मी आणि नवरा स्वालबार्डला जाऊन आलो. कॉलेजची मैत्रीण ऑस्लोत असते, तिने आग्रह केला. बाबा जाताना म्हणाले, "माहेरी चाललीस." टिळकांनी 1903 मध्ये आर्यांचं मूळस्थान उत्तर ध्रुवाजवळ असल्याचं मांडलं होतं, ऋग्वेदातल्या लांबलचक उषेच्या आधारावर. इतिहासकारांनी ते मानलं नाही, आमच्या बाबांनी मानलं. टिळकांच्या मते तिथे एके काळी सुखद हवा होती, मग बर्फ आला आणि लोकांना घर सोडावं लागलं.

लाँगइयरब्येन 78 अंश उत्तरेला. हॉटेलच्या दारात पाटी: जोडे इथे काढा. म्युझियममध्येही तेच. खाणकामगार कोळशाची धूळ घरात आणू नयेत म्हणून पडलेली पद्धत आहे. हजारो किलोमीटर जाऊन मोज्यांवर लॉबीत उभं राहताना नवरा म्हणाला, "बाबा बरोबर होते. माहेरच." गावाबाहेरच्या पाटीवर ध्रुवीय अस्वलाचं चित्र, त्याच्यापुढे बंदुकीशिवाय जाऊ नये. मी मात्र पहिल्या दिवशी फ्योर्ड, म्हणजे डोंगरांत शिरलेली खाडी, बघायला धावले. माझ्या डोक्यात पांढरंशुभ्र मैदान होतं. समोर काळं पाणी होतं. लाटा दगडांवर चुबुक चुबुक करत होत्या. नवऱ्याने हळूच म्हटलं, "मांडव्याची जेट्टी."

आम्हाला फिरवणारी बाई पन्नाशीची, तिचं निम्मं आयुष्य तिथे गेलेलं. ती म्हणाली, पूर्वी आम्ही स्नोस्कूटर घेऊन इथून सरळ पलीकडे जायचो, आता डोंगराला वळसा घालतो. कसली हळहळ नव्हती बोलण्यात. रस्ता खोदून ठेवलाय म्हणून रिक्षावाला सांगतो तसं. तिसऱ्या दिवशी पाऊस पडला. मार्चमध्ये, 78 अंशांवर, पाऊस. तो हिमावर पडून रात्री गोठला आणि सकाळी सगळं गाव काचेखाली. रस्त्याकडेला एक रेनडिअर खुराने ती काच खरवडत होता, थांबत होता, परत खरवडत होता. आम्ही दहा मिनिटं बघत होतो, त्याला खाली काही मिळालं नाही. न्याय करायचा तर सांगितलं पाहिजे की स्वालबार्डची पश्चिम बाजू अटलांटिकच्या उबदार प्रवाहामुळे पहिल्यापासून त्या मानाने कमी गोठते. पण मार्चमध्ये फ्योर्डवरून गाड्या जायच्या, त्या जायच्याच.

आणि हे गाव वसलं कशासाठी? कोळशासाठी. 1906 मध्ये लाँगइयर नावाच्या अमेरिकनाने खाण काढली, त्याचंच नाव गावाला. डोंगरावर अजून जुन्या रोपवेचे लाकडी मनोरे उभे आहेत. आम्ही गेलो तेव्हा वीजही कोळशावरच होती. 2023 मध्ये ती डिझेलवर गेली आणि 2025 मध्ये तिथली शेवटची नॉर्वेजियन खाण बंद झाली. म्युझियममधून मोज्यांवर बाहेर येताना आपण कोळशाच्या धुळीला मान देतोय हे लक्षात आलं.

दक्षिण ध्रुवाबद्दल थोडक्यात. आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर एक काका वर्षानुवर्षं लिहायचे, "अंटार्क्टिकाभोवती बर्फ वाढतोय, ते का नाही सांगत?" आणि 2014 पर्यंत ते बरोबर होते. त्या वर्षी तिथला हिवाळी बर्फ 2 कोटी चौरस किलोमीटरच्या वर गेला. मग 2016 मध्ये तो कोसळला. सप्टेंबर 2023 मध्ये 1 कोटी 70 लाखांपर्यंतच पोचला. आधीच्या सर्वांत कमी हिवाळी आकड्याच्याही 10 लाख खाली. वारे, खालून वर येणारं गरम पाणी, कारणांवर अजून वाद चालू आहेत. 2022 मध्ये बेलिंग्सहॉसन समुद्राकाठी एम्परर पेंग्विनच्या पाच वसाहतींपैकी चार ठिकाणी बर्फ वेळेआधी फुटला. पिल्लांना पाण्यात टिकणारी पिसं यायला अजून अवकाश होता. उपग्रहाच्या चित्रात आधी ठिपके होते, नंतर नव्हते. ग्रुपवर मी काही लिहिलं नाही. काकांनीही विषय सोडला, ते आता काढे पाठवतात.

आपल्याकडून हे सगळं बघणारी माणसं गोव्यात बसतात, वास्कोजवळच्या सड्यावर, राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रात. 2008 पासून स्वालबार्डमध्ये आपलं हिमाद्री हे ठाणं आहे आणि 2014 मध्ये फ्योर्डच्या तळाशी दोरखंडाने बांधलेली यंत्रं आपण सोडली. सड्याखाली समुद्र मे महिन्यात कढत असतो.

2016 साली दोन शास्त्रज्ञांनी एक हिशेब मांडला, आणि तो बाबांना दाखवता येईल असा आहे. वातावरणात एक टन कार्बन डायऑक्साइड सोडला की आर्क्टिकच्या सप्टेंबरातल्या बर्फातून साधारण तीन चौरस मीटर जातात. गेल्या काही दशकांचे आकडे मांडले तर रेघ जवळजवळ सरळ येते. मी वही घेऊन बसले. घरगुती सिलिंडर 14.2 किलोचा, जळला की चाळीसेक किलो वायू. म्हणजे चोवीस सिलिंडर, तीन चौरस मीटर. आमच्याकडे तेवढ्याला चार वर्षं लागतात. मग मुंबई ते ऑस्लो, ऑस्लो ते लाँगइयरब्येन आणि परत, दोन माणसं. किलोमीटरला माणशी शंभर ग्रॅम धरले तर साडेतीन टन. साडेतीन टन गुणिले तीन. फुटांत काढलं तर जवळजवळ दहा बाय अकराची एक खोली होते.

बाबांनी बेरीज तपासली. बरोबर आहे म्हणाले. मग म्हणाले, "बघायला गेलात आणि खोली पाडून आलात."

ऑगस्टमध्ये एका रात्री ट्रान्सफॉर्मर उडाला आणि दुपारपर्यंत लाईट नव्हती. फ्रीजरमधलं मटार-नारळ वाचवण्याच्या गडबडीत चाळणीकडे कुणाचं लक्ष नव्हतं. लाईट आली, सगळं परत गोठलं. दिवाळीत भाची आली आणि तिने आधी फ्रीजर उघडला. चाळण रिकामी होती. खालचा कुंडा काठोकाठ भरलेला, वर गुळगुळीत पांढरी लादी, आणि बाहेर चिकटपट्टी: 14 मे, समुद्र गोठवला.

"आहे की," मागून डोकावून बाबा म्हणाले.

भाचीने नखाने एक कपचा काढला, जिभेवर ठेवला आणि बेसिनकडे पळाली. तोंड धुऊन आली, मला विचारलं, लाईट कुठल्या तारखेला गेली होती. मला नक्की आठवेना. बाबांनी त्यांची रोजनिशी काढून सांगितली. तिने स्केचपेनने 14 मे वर दोन आडव्या रेघा मारल्या आणि खाली नवी तारीख लिहिली.